जुनी वस्तू आणि पडेल भावाची मागणी



जुने घर पाडून त्या जागी इमारत उभी राहावयाची असते, किंवा वडील माणसांच्या पश्चात माळा रिकामा करावयाचा असतो, तेव्हा अनेक कुटुंबांपुढे एक प्रश्न उभा राहतो. तांब्याचा बंब, पितळी समया, घंगाळ, सागवानी आरामखुर्ची, चिनी मातीच्या बरण्या, भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ या साऱ्यांचे करावयाचे काय? दोन खोल्यांच्या नव्या घरात त्यांना जागा नसते, आणि टाकून देण्यास हात धजत नाही. मग घरातील कोणी तरुण मोबाईलवर वस्तूचे छायाचित्र काढतो, खरेदीविक्रीच्या एखाद्या ठिकाणी ते चढवितो, खाली बारा हजार रुपये अशी किंमत लिहितो, आणि घटकाभरात पहिले उत्तर येते : “लास्ट कितना?” पाठोपाठ दुसरे येते : “तीन हजार. आज उचलतो.” घरात एकच संताप होतो. आजीच्या हंड्याला तीन हजार! कोणी उलट टपाली चार कठोर शब्द लिहितो, कोणी विक्रीचा विचारच सोडून देतो, आणि कोणी महिनाभर वाट पाहून कंटाळतो व तोच हंडा शेवटी मोडीत घालतो.

या तिन्ही गोष्टी टाळता येतात. पडेल भावाने केलेल्या मागणीस उत्तर कसे द्यावे, याचा आज थोडा शास्त्रशुद्ध विचार करावयाचा आहे. तथापि उत्तर द्यावयाचे ते त्या मागणीचा अर्थ समजल्यानंतरच, म्हणून आधी किमतीचा उगम कोठे आहे ते पाहू.

पालघर जिल्ह्यात, वसई तालुक्यात, समुद्रकाठी भुईगाव नावाचे गाव आहे. प्राचीन शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारे, तेथून दूर नाही. सोपाऱ्यास १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले, आणि त्याच परिसरात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली भुईगावात त्याच अशोकाच्या नवव्या शासनाचा एक तुकडा हाती आला. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे तेव्हाचे ग्रंथपाल गोरे यांनी तो शोधून काढला, आणि पुढे तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेला. आता पहा, पाषाण म्हणून त्या तुकड्याची किंमत काय होती? ज्याला ब्राह्मी अक्षरांची ओळख नाही अशा माणसाच्या हाती तो पडता, तर पायरीस किंवा कुंपणास लागला असता. त्याचे मोल दगडात नव्हते, दगडावरील अक्षरे वाचता येण्यात होते. योगायोग असा की, त्या नवव्या शासनाचा विषयही अल्प फळाचे आणि महाफळाचे विधी कोणते, हा मूल्यविवेकच आहे.

आपल्या घरातील हंडा अशोकाचा नसतो, हे सांगावयास नकोच. परंतु नियम तोच आहे. जुन्या वस्तूचे मोल तिच्या धातूत थोडे आणि तिच्या ओळखीत फार असते. ही ओळख विकणाऱ्याने करून दिली नाही, तर घेणारा तिला केवळ धातू समजतो व धातूचाच भाव बोलतो. पडेल भावाची मागणी बहुधा अपमान म्हणून केलेली नसते. ती एका अडाणीपणाची खूण असते, आणि तो अडाणीपणा पुष्कळदा दोन्ही पक्षांचा असतो.

म्हणून पहिले काम हे की, प्रत्येक जुन्या वस्तूच्या तीन किमती असतात त्या वेगळ्या करून पाहाव्या. पहिली मोडीची किंमत. हंडा पाच किलो भरला आणि मोडीच्या तांब्याचा भाव किलोमागे सहाशे रुपये धरला, तर तीन हजार झाले. याखाली कोणीही देऊ नये, कारण एवढे तर कोपऱ्यावरचा भांडेवालाही देईल. दुसरी बाजाराची किंमत, म्हणजे तशाच वस्तूसाठी दुसऱ्या कोणी खरोखर मोजलेले पैसे. तिसरी मनाची किंमत. याच हंड्यातील पाण्याने आपणास लहानपणी न्हाऊ घातले, ही आठवण तीत मिसळलेली असते. गिऱ्हाईक पहिल्या किमतीवरून बोलतो, आपण तिसरीवरून बोलतो, आणि सौदा व्हावयाचा असतो तो दुसरीवर. दोघांची गाठ पडत नाही याचे कारण एवढेच.

मनाची किंमत फुगते हे केवळ भावनाप्रधान माणसांपुरते खरे नाही. कानेमन, नेच आणि थेलर या तीन संशोधकांनी १९९० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना कॉफीचा एकेक साधा मग दिला व विचारले, किती घेऊन विकाल? ज्यांना मग मिळाला नव्हता त्यांस विचारले, किती देऊन घ्याल? विकणाऱ्यांची मागणी घेणाऱ्यांच्या तयारीच्या दुपटीहून अधिक भरली. मग त्यांच्या हाती येऊन फारसा वेळही झाला नव्हता! मग तीन पिढ्या घरात राहिलेल्या घंगाळाविषयी काय बोलावे? तेव्हा आपला आकडा थोडा फुगलेला असणार, हे मनाशी कबूल करूनच बाजारात उतरावे.

आता दुसऱ्या बाजूचे गणित पाहू. कमी भावाने मागणारे सारे एका जातीचे नसतात. त्यांत पहिला असतो व्यापारी. मुंबईचा चोरबाजार किंवा पुण्याचा जुना बाजार येथे दुकान लावणारा माणूस आपल्या हंड्याकडे पुढील दृष्टीने पाहतो : ही वस्तू मी नऊ हजारांस विकीन. नेण्याआणण्याचे, कल्हईचे व पोचे काढण्याचे दीड हजार. ती वर्षभर दुकानात पडून राहील, तेव्हा जागेचे भाडे, गुंतलेल्या पैशाचे व्याज आणि माझा नफा मिळून तीन हजार. म्हणजे मला साडेचार हजारांपर्यंत देणे परवडते, आणि घासाघिशीस जागा हवी म्हणून आरंभ तीन हजारांपासून करावा. हे गणित न्याय्य आहे. व्यापाऱ्याने अर्ध्या किमतीस मागणे हे त्याच्या धंद्याचे स्वरूप आहे, त्यात आपली वा आपल्या आजीची अप्रतिष्ठा नाही.

दुसरा असतो साशंक गिऱ्हाईक. त्याला वस्तू हवी असते, पण ती खरी जुनी आहे की नाही हे त्याला कळत नाही. पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन घ्या. नवे सुटे भाग जुळवून, त्यावर जुनेपणाचा रंग चढवून ते सर्रास विकले जातात. जो एकदा फसला, तो पुढे खऱ्या ग्रामोफोनलाही खोट्याचाच भाव देतो. जॉर्ज अकेर्लोफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन नेमके हेच दाखविले, आणि त्या विचारासाठी त्यास २००१ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. त्याचा सिद्धांत असा की, मालाचा गुण विकणाऱ्यास ठाऊक आणि घेणाऱ्यास अज्ञात असेल, तर घेणारा सगळ्याच मालाला हलका भाव देतो, आणि त्यामुळे चांगला माल बाजारातून उठून जातो. अशा गिऱ्हाईकाचा कमी भाव म्हणजे त्याच्या शंकेची किंमत होय. शंका फेडली की तीच माणसे वर चढतात.

तिसरा असतो खडा टाकून पाहणारा. लागला तर आंबा, नाही तर खडा गेला. तो दिवसाला वीस जणांस “निम्म्यात देता का?” असे विचारतो. त्याच्यावर रागावणे म्हणजे वाऱ्यावर रागावणे. आणि चौथा असतो ठक. त्याच्याविषयी शेवटी स्वतंत्र सांगतो.

कमी मागणीचा एक परिणाम मात्र ओळखून असावे. कोळ्यांची होडी नांगरली म्हणजे लाटेबरोबर थोडी इकडेतिकडे हलते, पण नांगराभोवतीच फिरत राहते. पहिला बोललेला आकडा आपल्या मनाला असाच नांगर घालतो. ट्व्हर्स्की आणि कानेमन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात एक गमतीचा प्रयोग दिला आहे. लोकांसमोर आकड्यांचे एक चक्र फिरविले व नंतर विचारले की, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देशांचे प्रमाण शेकडा किती? चक्रावर १० आला त्यांचा मध्यम अंदाज २५ निघाला, आणि ६५ आला त्यांचा ४५. चक्राचा नि प्रश्नाचा काडीइतका संबंध नव्हता! मग ज्या आकड्याचा आपल्या हंड्याशी संबंध आहे, तो मनाला किती ओढील? तीन हजार ऐकल्यावर पाच हजार उदार वाटू लागतात. यास्तव आपला तळाचा आकडा मागणी येण्यापूर्वी, शांत चित्ताने, कागदावर लिहून ठेवावा. मागणी आल्यानंतर ठरविलेला तळ हा तळच नव्हे.

तो ठरवावा कसा? इतरांनी छायाचित्राखाली लिहिलेले आकडे पाहून नव्हे, कारण त्या केवळ अपेक्षा असतात, आणि त्यांतील कित्येक वर्षानुवर्षे तशाच पडून असतात. विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव पाहावे. लिलाव करणाऱ्या संस्था आपले निकाल प्रसिद्ध करतात. साध्या घरगुती वस्तूंसाठी दोन-तीन दुकानांत जाऊन तशाच वस्तूचा विक्रीचा आणि खरेदीचा असे दोन्ही भाव विचारावे. या दोहोंच्या मध्ये आपली जागा असते, कारण आपणास दुकानाचे भाडे नाही, तसेच दुकानाची पतही नाही. आपल्या उदाहरणात खरेदीचा साडेचार व विक्रीचा नऊ निघाला, तर साडेआठ सांगावे व सहा हा तळ धरावा. हे ठरविताना वस्तूवर ज्यांचा वारसा आहे त्या सर्व भावंडांस विचारून घ्यावे. सौदा ठरल्यावर धाकटी बहीण “मला न विचारता?” म्हणाली, तर मिळालेल्या सहा हजारांत तो दुरावा भरून निघत नाही.

यानंतर वस्तूची ओळख करून द्यावी. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची चाल होती. कोणाच्या लग्नात, कोणी, कोणत्या साली दिले हे टिंबाटिंबांच्या अक्षरांत कोरलेले असे. अनेकजण हे नाव व्यंग समजून लपवितात. वस्तुतः तो त्या भांड्याचा जन्मदाखला होय. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतल्यावर तेथील चर्चच्या घंटा मराठी मुलखातील देवळांत गेल्या. नाशिकचे नारोशंकराचे देऊळ, भीमाशंकर, मेणवली येथील घंटा आजही अभ्यासक पाहावयास जातात, कारण त्यांवर लेख व सन आहेत. केवळ कांसे म्हणून त्या कोणाच्या लक्षात राहिल्या असत्या?

तेव्हा नावाचे, कारखान्याच्या छापाचे, बुडाचे व कडीचे जवळून छायाचित्र द्यावे. उंची, घेर व वजन लिहावे. पोचा, डाग, तडा असेल तो आपण होऊन दाखवावा. जो दोष आपण लपवितो तोच गिऱ्हाईकाच्या हाती भाव पाडण्याचे शस्त्र होतो, आणि जो आपण सांगतो तो किमतीत आधीच धरलेला असतो. कोणाकडून कोणाकडे आली, केव्हापासून घरात आहे, हे ठाऊक असेल तेवढेच लिहावे. “दोनशे वर्षांपूर्वीचा, पेशवेकालीन” असे पुराव्यावाचून लिहिले की जाणता गिऱ्हाईक तेथूनच परततो. आणि विकण्यापूर्वी चिंच लावून भांडे लखलखीत करण्याचा मोह आवरावा. वर्षांनी चढलेली छटा संग्राहकास हवी असते, आणि ती एका सकाळीत नाहीशी करता येते, परत आणता येत नाही. हीच गोष्ट सागवानी खुर्चीवर नवे पॉलिश चढविण्याची.

आता प्रत्यक्ष उत्तर. “लास्ट कितना?” या प्रश्नास तळाचा आकडा कधीही सांगू नये. तो सांगितला की तोच गिऱ्हाईकाचा आरंभ होतो. जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली हात धरून बोटांनी भाव करतो, तेव्हा निदान समोर माणूस असतो, त्याचा चेहरा दिसतो, मध्येच चहा येतो. मोबाईलवर यांतले काहीच नाही, फक्त आकडा येतो. म्हणून तो अधिक उद्धट भासतो, आणि म्हणूनच आपले उत्तर थोडे अधिक सभ्य असावे लागते. ते असे लिहावे : “नमस्कार. आपण चौकशी केलीत, आभारी आहे. हंडा पाच किलोचा, जाड पत्र्याचा असून त्यावर नाव व साल आहे, त्याचे छायाचित्र सोबत पाठवीत आहे. तीन हजार ही तांब्याची मोड झाली. माझी किंमत साडेआठ हजार आहे. आपण येऊन पाहिलात व पसंत पडला, तर आठ हजारांपर्यंत देईन.” या उत्तरात राग नाही, विनवणी नाही, कारण आहे, आणि एक पाऊल पुढे टाकलेले आहे.

यापुढे दोन नियम पाळावे. समोरचा वर आल्यावाचून आपण दुसऱ्यांदा खाली येऊ नये, कारण आपणच आपल्याशी घासाघीस करू लागलो तर तिला अंत नाही. आणि आपली प्रत्येक उतरण आधीच्या उतरणीहून लहान असावी. पहिल्यांदा पाचशे, मग तीनशे, मग शंभर. त्यावरून समोरच्यास तळ जवळ आल्याचे न सांगता कळते. गिऱ्हाईक व्यापारी असेल तर त्यास सरळ विचारावे, “आणखी चार वस्तू आहेत, एकत्र घेतल्यास काय देता?” त्याचा गाडीभाड्याचा खर्च वाटला गेला की तो वर चढू शकतो. आणि खडा टाकणाऱ्यास एकच ओळ पुरे : “या किमतीस देणे जमणार नाही. आभारी आहे.”

याच्या उलट एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वस्तू दोन-तीन महिने पडून राहिली, दहा जणांनी मागितली, आणि दहाही जण चार-साडेचार हजारांच्या आसपासच बोलले, तर ते दहा चुकीचे आणि आपण बरोबर असे मानणे कठीण आहे. एका माणसाची पडेल मागणी ही मागणीच असते, पण दहा अनोळखी माणसांची सारखी मागणी हा बाजारभाव असतो. घर रिकामे करण्याची तारीख ठरलेली असेल तर तळ पुन्हा तपासावा. शेवटच्या दिवशी मोडीत घालण्यापेक्षा चार आठवडे आधी साडेचार हजारांस दिलेला हंडा हंडाच राहतो, भट्टीत जात नाही.

किमतीच्या आधी कायदा येतो, त्याचाही उल्लेख करणे अवश्य आहे. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमाप्रमाणे, शंभर वर्षांहून कमी नाही इतकी जुनी मूर्ती, चित्र, नाणे, शिलालेख वा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू ही पुरावशेष ठरते. महत्त्वाच्या हस्तलिखितांस ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. मूर्ती, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा काही वर्गांची नोंदणी करावी लागते, मालकी बदलल्यास ते कळवावे लागते, आणि असे पुरावशेष खाजगी माणसास परदेशी पाठविता येत नाहीत. वसईच्या ख्रिस्ती घरांतील अल्तारावरची जुनी लाकडी मूर्ती काय किंवा देवघरातील पंचधातूची मूर्ती काय, विकण्यापूर्वी हा विचार करावाच. परदेशातून कोणी मोठी रक्कम देऊ केली तर तो दुप्पट करावा. हस्तिदंताची वस्तू तर जुनी असली तरी विकण्यास ठेवू नये, कारण वन्यजीव संरक्षणाच्या कायद्याने हस्तिदंताचा व्यापार बंद आहे. आणि जमीन खणताना पुरलेले काही मौल्यवान सापडले, तर १८७८ च्या कायद्याने ते जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे.

राहिला ठक. त्याची खूण अशी की तो कमी भाव बोलतच नाही. सांगितली ती किंमत तो न पाहता मान्य करतो, आपण सैन्यात आहो व बदली झाली आहे असे काही सांगतो, आणि पैसे पाठविण्यासाठी म्हणून एक चौकटींचे चित्र पाठवून ते स्कॅन करावयास व पिन घालावयास सांगतो. ध्यानात ठेवा, पैसे घेण्यासाठी पिन कधीही घालावी लागत नाही, ती लागते देण्यासाठीच. फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे. प्रामाणिक घासाघीस करणारा गिऱ्हाईक या भामट्याहून किती बरा, हे येथे पटते.

शेवटी एक विचार. पुण्याचे दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करावयास आरंभ केला. दिवे, अडकित्ते, दौती, वज्री, पानाचे डबे अशा, लोक ज्यांस अडगळ म्हणत, त्या वस्तू त्यांनी आयुष्यभर जमविल्या, आपल्या दिवंगत मुलाच्या नावाने त्यांचे संग्रहालय केले आणि १९७५ साली ते राज्य शासनाच्या स्वाधीन केले. तेथील पुष्कळ वस्तू कोणा ना कोणाच्या स्वयंपाकघरातून आल्या आहेत. बाजारभावाने पाहिले तर त्यांतील अनेकींचे मोल त्या काळी मोडीइतकेच होते.

म्हणून मागणी आली की प्रथम स्वतःस विचारावे : या वस्तूची मोड किती, बाजार किती, आणि माझ्या मनात ती किती? तिसरा आकडा दुसऱ्याहून फारच मोठा असेल, तर ती वस्तू विकावयाची नव्हेच. ती लेकीला द्यावी, भाच्याला द्यावी, संग्रहालयास द्यावी. जी खरोखर द्यावयाची आहे तिची ओळख लिहून ठेवावी, तळ ठरवावा, आणि येणाऱ्या प्रत्येक आकड्यास शांतपणे आकड्यानेच उत्तर द्यावे. हंडा दुसऱ्याच्या घरी गेला तरी त्यावरचे नाव त्याच्याबरोबर जाते. ते नाव वाचणाऱ्याच्या हाती तो पडावा, एवढी काळजी आपल्या हाती आहे.